माटवीवरचा चिबूड

मुलांनो, मनात आणा की तुमच्या घरामागच्या परसात चिबडाचा वेल पसरलाय. पानाखाली लिंबाएवढं हिरवं फळ दिसतं आणि तुम्ही आनंदाने त्याच्याकडे बोट दाखवता. झालं! मालवणजवळच्या ट्रिशाने नेमकं तेच केलं.

शेजारच्या तुळसाकाकीने ते पाहिलं. "कोवळ्या फळाक बोट दाखवू नये गो. कुसान जाता. चाव बघू तां बोट."

ट्रिशाने बोट चावलं, पण हलकेच. जोरात चावलं असतं तर दुखलं असतं ना!

आता फळ कुजणार, अशी त्या दिवसापासून तिला धास्ती बसली. चवथीला तुळसाकाकीच्या गणपतीवर फळं टांगलेली लाकडी माटवी बांधतात. तिच्यातला चिबूड दरवर्षी ट्रिशाच्या आजीच्या, म्हणजे इनासियामांयच्या परसातून जातो. यंदा मांयने नेमका तोच बोट दाखवलेला चिबूड माटवीसाठी राखला होता.

शाळेतून आली की ट्रिशा आधी वेलाकडे धावे. फळ मोठं झालं, पिवळं पडू लागलं, तशी ती आणखी घाबरली. मांयच्या नकळत ती वेलाला रोज एक कळशी पाणी जास्त घालू लागली. कोणाची नजर नको म्हणून फळावर टोपलीही उपडी घातली. चवथीच्या आदल्या दिवशी तिने टोपली उचलली आणि बघते तर काय! चिबूड देठापासून बुडापर्यंत उकलला होता.

तिने तो दप्तरात कोंबला आणि दप्तर खाटेखाली सरकवलं. पण चिबूड लपला तरी त्याचा वास कसा लपणार? दुपारपर्यंत तो ओटीवर पोचला. घाबरून ट्रिशाने खोलीत पावडरचा अख्खा डबा उधळला. मांय दारात येऊन उभी राहिली.

"हय कोणाचा लगीन आसा काय गो?"

तेवढ्यात चिबूड टांगायला दोरी घेऊन तुळसाकाकी आली आणि नेमकी त्याच खाटेवर टेकली. वेलावर राखलेला चिबूड दिसला नाही, असं ती मांयला सांगू लागली. बोलता बोलता तिने नाक वर केलं, मग खाली वाकून पाहिलं. ट्रिशाला रडू फुटलं.

"काकी, माझ्यान बोट बरा चावूक नाय झाला. म्हणान तो मेलो."

काकीने दप्तर ओढून उघडलं. गणिताच्या वहीला रस लागला होता. ती मांयकडे बघून हसू लागली.

"मेलो खंय गो? पिकलो! चिबूड पिकलो की आपणच फुटता."

फुटलेला चिबूड माटवीला चालत नाही, म्हणून काकीने वेलावरचा दुसरा, जरा लहान चिबूड नेला. फुटलेला मांयने गूळ घालून वाढला. ट्रिशाने दोन वाट्या खाल्ल्या, पण 'पिकलो की आपणच फुटता' हे काकीचं वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी काकीकडे आरती सुरू झाली. समया पेटलेल्या, खोलीत उकाडा, आणि माटवीवरचा चिबूड बरोबर गणपतीच्या डोक्यावर टांगलेला. बहुतेक जण डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. ट्रिशा तेवढी माणसांमधून वाट काढत पुढे गेली आणि फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पसरून, वर चिबडाकडे बघत उभी राहिली.

आरती संपली, तेव्हा पोर प्रसाद मागतेय, असं वाटून कोणीतरी घेरात मोदक टाकला. ट्रिशाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आणखी एक पाऊल पुढे सरकली.