या की जेवायला!

मराठी शिकवायची झाली तर ती माझ्याकडूनच! उभा जन्म पोरांना शिकवण्यात गेला. माझ्या हाताखालची पोरं आज थेट कलेक्टर कचेरीत बसतात. (कामासाठी ताटकळत बसतात, ही गोष्ट वेगळी.) म्हणून माझ्या फौजी लेकाला, ऋषिराजला, मी फोनवर ठणकावून सांगितलं, "काळजी सोड. तुझ्या पोरीला मी दिवाळीच्या आत मराठी बोलायला लावतो!"

पोरगी म्हणजे उत्कर्षा. नऊ वर्षांची. जन्मली छावणीत, वाढली छावणीत. बोलायची ती हिंदी, तीही हवालदाराच्या थाटात. लेकाची बदली बर्फात झाली, सूनबाईला लष्करी दवाखान्यात पाळ्या, म्हणून नात आमच्याकडं कोरेगावला आली. पण शाळेत तोंड उघडेना. मधल्या सुट्टीत कोपऱ्यात एकटीच डबा खायची. लेक म्हणाला, "दिवाळीपर्यंत रमली नाही तर हॉस्टेलला टाकतो." ते ऐकून पोरगी त्या दिवशी जेवलीच नाही. मीही एक भाकरी कमी खाल्ली. हे माझ्या बाबतीत फार गंभीर लक्षण!

लगेच शिकवणी सुरू! "नमस्कार. तुम्ही कुठं निघालात? आमचं घर कोरेगावात, पाण्याच्या टाकीमागं." आणि मग आपल्याकडचं राजवाक्य, "या की जेवायला!" शिवाय कानमंत्र दिला, "समोरचा काही बोलला की त्याला पुढचा प्रश्न विचारायचा. कुठं? कधी? किती? म्हणजे बोलणं तुटत नाही."

पोरीनं सगळं घोकलं. मग सरावाला तिला कराडच्या एसटीत घातलं. म्हटलं, बस भरलीय, जा आणि बोल! मी मागच्या खिडकीशी बसून लक्ष ठेवणार होतो. पण खिडकीतून वारा असा आला म्हणता, की मी जो झोपलो तो कराडलाच उठलो.

उतरताना सगळी एसटी माझ्याकडं बघून हसत होती. कंडक्टर रंगुबाई म्हणाल्या, "गुर्जी, नात लय ग्वाड हाय! येतो बरं का आमी."

"या की!" मी म्हणालो.

फेटेवाले हंबीरराव थांबले. "नक्की नव्हं, गुर्जी?"

"म्हणजे काय! या की!"

आपल्यात याचा अर्थ काय असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. काहीही नसतो!

रविवार उजाडला. आमच्या हिनं, म्हणजे सुरेखानं, तिघांपुरतं पिठलं टाकलं होतं. दुपारी कडी वाजली. दारात हंबीरराव, कडक इस्त्रीत! मागं दोन सुना, चार नातवंडं. त्यांच्यामागं रंगुबाई, सासूला घेऊन. आणि त्याच एसटीतले, थेट सांगलीहून आलेले जिनपालशेठ, सपत्नीक!

मी हंबीररावांना अंगणात बाजूला घेतलं. "आज इकडं कुठं?"

"कुठं म्हंजे? जेवायला! आवं, 'या जेवायला' तर समदेच म्हणत्यात. मी बी म्हणालो, येऊ की कवातरी. तर पोरगी म्हणती, 'कधी?' गुर्जी, एवढं वय झालं, पर मला 'कधी' म्हणून कुणी इचारलं न्हवतं! म्हणालो, ऐतवारी. तर म्हणती, 'किती माणसं?'"

मागोमाग आलेले जिनपालशेठ भारावून म्हणाले, "मी सांगितलं, आम्ही कांदा-लसूण खात नाही. तर तिनं विचारलं, 'बटाटा?' सख्ख्या साडूनं कधी विचारलं नाही हो!"

स्वयंपाकघरात ही कुजबुजली, "आवं, वरात कुणाची ही?"

"उत्कर्षाची."

"मग जावा, सांगा त्यास्नी, ती म्हणायची पद्धत असती म्हणून!"

मी छाती काढून बाहेर आलो. तर दारात उत्कर्षा, वेणीला नवी रिबीन लावून. मी एसटीत 'या की' म्हणालो, म्हणजे घरात ठाऊकच, असा तिचा समज! "नमस्कार! या, बसा! पाणी देऊ?" एकेकाला हाताला धरून सतरंजीवर बसवत होती. शाळेत मिटलेलं तोंड आज मिटतच नव्हतं! आता या माणसांना परत पाठवलं, तर ती जन्मात पुन्हा कुणाला बोलावणार नाही.

मी तसाच आत गेलो. म्हणालो, "पीठ किती आहे?"

पुढं काय विचारता! पीठ पहिल्या पंगतीतच संपलं. गल्लीतून पीठ आलं, पातेली आली, परात आली. हंबीररावांच्या सुनांनी पदर खोचले आणि भाकऱ्या अशा थापल्या, की शेजाऱ्यांना वाटलं, ढोल वाजतोय. कांदा घातलेलं पिठलं एकीकडं, बिनकांद्याची आमटी दुसरीकडं. दोन्ही पळ्या घेऊन मी मध्ये, रेल्वे फाटकावरच्या माणसासारखा!

गर्दी बघून गल्लीतली पोरं दारात जमली. त्यात उत्कर्षाच्या वर्गातली राजनंदिनी. "काय गं, लगीन हाय का तुमच्यात?"

उत्कर्षानं एकदा पंगतीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. माझ्या हातातली पळी थांबली. मग ती म्हणाली, "या की जेवायला!"

"कवा?"

"आत्ता!"

अख्खी पलटण आत!

संध्याकाळी लेकाचा फोन आला. "हॉस्टेलवाले विचारतायत. काय सांगू?"

उत्कर्षानं फोन हिसकावला. "पप्पा, म्या ठरिवलंय, कुठं जात न्हाई! हितं लय काम हाय. ठेवा आता, पोरी खोळंबल्यात!"

हे 'म्या' आणि 'लय' मी शिकवलेलं नाही. पण लेक गहिवरून म्हणाला, "कसं काय शिकवलंत हो!" तेव्हा मी गप्प बसलो. शिक्षकानं नम्र असावं!

सध्या मी गल्लीतली पातेली परत करत हिंडतोय. उत्कर्षा सोबत असते. प्रत्येक दारात ती तासभर गप्पा हाणते आणि मी डोक्यावर परात घेऊन उभा! तिला सगळं शिकवलं हो. "बरं, येते आता" एवढंच शिकवायचं राहिलं!