आधी गॅस बंद करा

पडद्यावर खून झाला होता. आमच्या फिल्म सोसायटीचा फ्रेंच सिनेमा, शाळेचा हॉल, भिंतीवर ताणलेली चादर. नायिका पिस्तूल टाकून पळाली, सगळ्यांनी श्वास रोखले आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "अहो, आधी गॅस बंद करा! करपेल ते!"

हे आमचे खैरनार. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे आणि गंगापूर रोडला माझ्या खोलीसमोर राहायचे. मेलेल्या माणसाचं पातेलं गॅसवर होतं, हे त्यांच्याखेरीज हॉलमध्ये कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

सिनेमाची गोष्ट त्यांना कधीच कळली नाही. खालची इंग्रजी अक्षरं ते वाचतच नसत. "वाचत बसलो तर ताटलीतलं निसटतं." सायकली हातात धरून परतताना मी विचारायचो, "पण तिने त्याला मारलं का?"

"ते राहू दे रे. त्याने पावाने ताटली कशी पुसली, पाहिलंस? एक थेंब सोडला नाही. याला म्हणतात संस्कार." मग थोडं चालून ठरलेलं वाक्य यायचं, "आणि सगळे एकदम बसतात बघ. वाढायला कुणी उभं नाही!" मला वाटायचं, यांना टेबल-खुर्चीचं कौतुक.

हळूहळू पडद्यावरचं घरात आलं. "मनगटाचं काम आहे," म्हणत उडवलेलं ऑम्लेट एकदा थेट माझ्या गॅलरीत आलं. पांढऱ्या सॉसची अशी खळ झाली की खैरनारकाकूंनी त्या खळीने पोस्टाची पाकिटं चिकटवली. काकू सटाण्याकडच्या. परक्यासमोर माहेरची बोली लपवून बेताचं, शुद्ध बोलायच्या. स्वयंपाक कुणीही करो, ताटं मांडली की त्या दारात उभ्या. "तुम्ही बसा. मी मागून बसते." खैरनारांचा चेहरा पडायचा. मी खुशाल जेवायचो.

एका रविवारी कांद्याच्या सूपचं आमंत्रण आलं. "आपल्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून कांदा जातो, आणि सूप करायचं फ्रेंचांनी? लाज वाटते मला!" सकाळभर कांदा परतणं चाललं होतं. पाव देवळाली कॅम्पातल्या बेकरीचा, चीज डब्यातलं. ओव्हन नसल्यामुळे झाकणावर निखारे ठेवून वरचं चीज खरपूस केलेलं. वासाने मी वेळेआधीच खुर्ची पटकावली.

खैरनारांनी मला दंडाला धरून उठवलं आणि हातात डाव दिला. "आज तू वाढायचंस."

"अहो, मी पाहुणा!"

"म्हणूनच. तुला ती नाही म्हणायची नाही." मग आत वळून, "अगं, ये. वाढायला माणूस आहे आज."

"तुम्ही बसा, मी मागून..."

"नाही. तू बसल्याशिवाय मी जेवणार नाही." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "इतकी वर्षं झाली लग्नाला. तू जेवताना कशी दिसतेस, ते मला माहीत नाही गं."

इतके सिनेमे हा माणूस कशासाठी बघत होता, ते मला आत्ता कळलं. डाव हातात धरून मी उभा राहिलो.

काकू खुर्चीच्या कडेला टेकल्या. मी खैरनारांना वाढलं, चीजसकट. काकूंकडे वळलो तर त्यांनी पातेलंच पुढे ओढलं आणि बुडाचा करपलेला कांदा खरवडून स्वतःच्या ताटलीत घेतला.

खैरनार हरखले. बायकोबद्दल काहीतरी नवीन कळलं होतं. "तुला करपलेलं आवडतं होय?"

"आवडतं कसलं," काकू म्हणाल्या. "सवय शे."

खैरनारांनी चमचा खाली ठेवला. मग ताटल्यांची अदलाबदल केली. काकू "अहो, अहो" करत राहिल्या, पण तोवर त्यांनी पाव मोडून ते काळं पुसून खायला घेतलं होतं. एक कण सोडला नाही.

काकूंनी चीज तुटेना म्हणून चमचा उंच नेला, तरी तार लांबतच गेली, आणि त्या हसल्या. मग जेवू लागल्या. खैरनार बघत होते, पहिल्या रांगेत बसल्यासारखे.