शास्त्रीबोवांनी दर्याई कादंबऱ्या वाखाणिल्या त्याची बखर

श्रीशारदेस दंडवत, आणि टीकाकारांसही, कारण ते रुसले तर तिचेही काही चालत नाही. शके सतराशे तेरा, विरोधकृत नाम संवत्सर. ते समयी एके राज्यात समुद्र कोणी पाहिला नव्हता, आणि तेथेच मालोजीराव पेडणेकर म्हणून दर्याई कादंबऱ्यांचे कर्ते बहुत गाजत होते. त्यांचे नायक सारंग, म्हणजे गलबताचे कप्तान, रणोजी दर्यावर निघाले की सारे राज्य जेवण टाकून वाची. एकटे राजसभेचे टीकाकार अच्युतशास्त्री नाक मुरडीत. त्यांनी भरसभेत निवाडा दिला की, "वारा नेहमी रणोजीच्याच शिडात कसा भरतो? कर्त्यास काही सुचेनासे झाले की तुफान येते, आणि शत्रूच्या तोफा ऐन वेळी भिजतात. यास साहित्य म्हणणे नाही." सभेने माना डोलाविल्या, आणि मग घरी जाऊन पुढले पान उघडिले.

शास्त्रीबोवांनीही तेच केले. उपनिषदांच्या पोथीत कादंबरी घालून ते देवघरात बसत, आणि रणोजीस गोळी चाटून गेली की "अरे, खाली वाक!" म्हणून ओरडत. कुटुंब गोदूबाई बाहेरून विचारीत, "कोणास म्हणता?" तर म्हणत, "नचिकेत्यास!" मग सातवा भाग आला. त्याचे शेवटी गलबत फुटले, आणि रणोजी तुटली डोलकाठी धरून पाण्यात, आणि समोर देवमासा जबडा पसरून. शास्त्रीबोवांची अन्नावरची वासना उडाली. इतक्यात मालोजीरावांनी शपथ वाहिली की, "शास्त्रीबोवा भरसभेत यास साहित्य म्हणतील तेव्हाच पुढे लिहू," आणि दौत पालथी घातली.

गोदूबाई म्हणाल्या, "अहो, दोन शब्द बरे बोला की. तुमची अब्रू जाईल फार तर, इकडे त्या बिचाऱ्याचा जीव चाललाय."

शास्त्रीबोवा चमकले. "कोणाचा?"

"पोथी झाडताना मीही वाचते."

मग शास्त्रीबोवा सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही चुकलो. रणोजीच्या शिडातला वारा ही नियतीची लीला, तुफान हे मानवी मनाचे रूपक, आणि भिजल्या तोफा म्हणजे अहंकार." सभा थक्क जाहली, वैरी हसले, शिष्य उठून गेले, आणि मालोजीरावांनी डोळे पुशीत शास्त्रीबोवांस कडकडून मिठी मारिली.

"मग आठवा भाग कधी?" शास्त्रीबोवांनी कानात पुसिले.

"कसला आठवा भाग? आपण आमचे डोळे उघडिलेत. इतके खोल लिहितो हे आम्हांस ठाऊकच नव्हते! आता पोरखेळ पुरे. एक गृहस्थ ओसरीवर बसून जगण्याचा अर्थ शोधतात, ऐसा ग्रंथ लिहितो. कोणी जागचे हलतसुद्धा नाही."

शास्त्रीबोवांनी मिठी सोडविली. "आणि रणोजी?"

"ते रूपकच ना," मालोजीराव प्रेमाने म्हणाले. "रूपक कसे बुडेल?"

येणेप्रमाणे त्या राज्यात साहित्य वाढले. ओसरीचा ग्रंथ सर्वांनी वाखाणिला आणि कोणी वाचिला नाही. सारंग रणोजी अद्याप पाण्यात आहेत. गोदूबाई नवऱ्याशी बोलत नाहीत. अभिप्राय लिहिणे भाग म्हणून शास्त्रीबोवांनी मात्र तो ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचिला. त्यांस तेवढी शिक्षा पुरे जाहली. इतके वर्तमान.