उंबऱ्याएवढ्या पायऱ्या

बन्सीतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडं बघतात, माणसांकडं नंतर. बारशाला गेले तरी तेच. पाळण्यातलं बाळ राहतं बाजूला आणि हे मान वर करून उभे. मग भिंतीवर बोटानं टकटक करतात, आणि मग तोंडातून त्यांचा तो ठरलेला शब्द निघतो, "कावून?" म्हणजे, कशाला?

एवढी सळई कावून? एवढं सिमेंट कावून? "घर बांधायलास का तुरुंग बे?"

तात्या आमचे शेजारी, जुने गवंडी. तलवाड्यात आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची आणि सगळी स्वस्तातली. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते, पावसात फुगते आणि भिंती तडकवते. लोक घाबरून घराच्या पायात भरमसाट दगड-सिमेंट ओततात. तात्यांचं म्हणणं वेगळं. "काळी काढा, मुरूम भरा. थर द्या, पाणी मारा, धुम्मस हाणून दाबा. भुईच्या पोटात पैसा कावून पुरता?" विटा परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या. आमच्या भिंतीला अजून तडा नाही, हे कबूल करावंच लागतं.

छताची तर तऱ्हाच निराळी. स्लॅब टाकायच्या आधी सळयांच्या मधल्या चौकटीत ते मातीची गाडगी पालथी मांडायचे. तेवढं काँक्रीट वाचतं आणि खोली गार राहते. आमच्या स्लॅबला एक गाडगं कमी पडलं. आई बाहेर मजुरांना वाढत होती. तात्या सरळ स्वयंपाकघरात शिरले, ताक दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि आईचं गाडगं छतात घातलं! छताला प्लास्टर नाही, त्यामुळं गाडग्यांची गोल तोंडं खालून दिसतात. आई अजून पलंगावरून बोट दाखवते, "त्यो कोपऱ्यातला गोल माझ्या ताकाच्या गाडग्याचा हाय. मुडदा बशिवला बन्स्याचा!"

स्वतःच्या घरात तर तात्यांनी कहर केला. जिनाच ठेवला नाही. "जिना म्हंजी एक खोली वाया. शिडी टेकवली की झालं." लोखंडी शिडी मागच्या भिंतीला उभी केली आणि विषय संपवला.

पण तात्यांच्या बायकोचे, इंदूकाकूंचे, गुडघे गेलेले. शिडी त्यांना कुठून चढवणार? उन्हाळ्यात कुरडयांचा चीक त्या खालून द्यायच्या, तात्या वर नेऊन घालायचे आणि काकू अंगणातून ओरडायच्या, "अहो, कुरडया हायेत त्या! गवऱ्या थापू नका!" सगळी गल्ली हसायची. वरून तात्याही हसायचे.

काकूंचं माहेर ओढ्यापलीकडच्या वाडीत. तिथं आता कुणी राहिलेलं नव्हतं, घरही पडलेलं. पण तात्या एकदा बोलून गेले, "वरून तुझ्या वाडीची पाण्याची टाकी दिसती." झालं! त्या दिवसापासून काकूंनी एकच धरलं, "मला एकदा दाखवा की." तात्या म्हणायचे, "दावतो. पुढल्या उन्हाळ्यात जिन्याचं बघू." तो उन्हाळा दुसऱ्यांची घरं बांधण्यात जायचा. असे कितीक गेले. मग एका थंडीत काकू तापानं गेल्या. स्वतःच्या घराचं छत त्या बाईनं वरून कधी पाहिलंच नाही. मला तात्यांचा राग येतो तो याचा, आणि रागावूनही उपयोग नाही याचा जास्त.

वर्षश्राद्ध झालं आणि तात्यांनी अंगण खोदायला काढलं. जिन्यासाठी! पाया पार कडक मुरमापर्यंत नेला, सळई दुप्पट घातली. एक गाडगं नाही, एक राखेची वीट नाही. रुंद पायऱ्या, मध्ये टेकायला ऐसपैस ओटा, दोन्ही बाजूंनी कठडा. गवंडी लोक थट्टा करू लागले, "तात्या, एवढं कावून?" स्वयंपाकघराचा उंबरा तात्यांनी काठीनं मापला आणि तेवढीच उंची प्रत्येक पायरीला दिली. "एवढं ती चढत व्हती," एवढंच बोलले.

परवा संध्याकाळी मी त्या जिन्यानं वर गेलो. चढल्यासारखं वाटतच नाही, इतक्या बुटक्या पायऱ्या. वर तात्या कठड्यापाशी बसलेले आणि मागच्या भिंतीला ती जुनी शिडी टेकवलेली. शिडीनंच आले होते.

मी म्हटलं, "तात्या, जिना असताना शिडी कावून?"

"जिना तिचा हाय," तात्या म्हणाले. "माझं चालतंय शिडीवर."

मग हात कपाळाशी धरून ओढ्याच्या पलीकडं बघत राहिले. "माझी नजर गेली बाबा आता. टाकी दिसती का रं?"

धुरळ्यात मला काहीच दिसत नव्हतं.

"दिसते की," मी म्हणालो.