नानांचा खोकला

पडद्यावर हिरो हिरॉईनच्या जरा जवळ सरकला, की आमच्या नानांना खोकला येतो. औषधाने तो थांबत नाही, चॅनल बदलला की थांबतो. नाना मेहरूणला आमच्या शेजारी राहतात. मध्यंतरी एका लग्नात नवरा-नवरीचा प्री-वेडिंग व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, तेव्हा नाना इतके खोकले की यजमानांनी दवाखान्यात न्यायला गाडी काढली.

"अहो, लग्न त्यांचंच आहे," मी म्हणालो.

"बाकी लेकरं शेत ना हॉलमा!" नाना मूळचे शिरपूरकडचे. चिडले की अहिराणी. म्हणजे, हॉलमध्ये बाकी लेकरंही आहेत ना!

गेल्या वर्षी मोतीबिंदू दाखवायला मी त्यांना विमानाने पुण्याला नेलं. रस्त्यावरची म्हैस त्यांना दिसत नव्हती. पण शेजारच्या तरुणाने टॅबलेटवर सिनेमा लावला आणि त्यातलं जोडपं दार बंद करू लागलं, ते मात्र लख्ख दिसलं. मी मागच्याच रांगेत होतो. नानांच्या पलीकडे, मधली वाट सोडून, पाच-सहा वर्षांची एक मुलगी मान लांब करून तेच बघत होती. तिची आई गाढ झोपली होती.

नाना खोकले. हवाई सुंदरी पाणी घेऊन आली. नाना पुन्हा खोकले. पुन्हा पाणी आलं. तरुणाच्या कानाला हेडफोन, त्याला पत्ताच नाही.

शेवटी नानांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "भाऊ, पोरगी देखी ऱ्हायनी."

"आजोबा, हेडफोन लावलाय ना. कुणाला त्रास आहे?"

"कान झाकलेस ते तुझे. तिचे डोळे उघडे आहेत."

"मग तिच्या आईला सांगा. मी माझ्या सीटवर बसलोय."

नाना आईकडे बघत राहिले. मग मागे वळून मला म्हणाले, "थकेल दिखस बिचारी. झोपू दे." आणि गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी दोन्ही हातांनी तरुण आणि मुलगी यांच्यामध्ये पडद्यासारखं धरलं.

मुलीला वाटलं, खेळ आहे. ती खालून डोकावली, नानांनी उपरणं खाली केलं. ती वरून डोकावली, नानांनी वर केलं. ती खिदळायला लागली. माणसं वळून बघू लागली, तशी तरुणाने टॅबलेट मिटला आणि डोळेही मिटले.

"झालं नाना, घ्या हात खाली," मी म्हणालो.

नानांनी ऐकलं नाही. पडद्याची गरज संपली होती, खेळ चालूच होता. विमान उतरेपर्यंत खोकल्याची आठवणही त्यांना झाली नाही.

पुण्याला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी मी मागे वळलो, तर नाना तिथेच उभे. आमच्याकडे एकच पिशवी, तीही माझ्या खांद्याला.

"चला ना, आपलं काहीच यायचं नाही."

"थांब रे जरा."

पलीकडे ती मुलगी आईचा पदर धरून उभी होती. नानांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी अक्का होत्या तोवर दोघं होते, आता एकटेच. हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, तरी त्या दिवशी नव्याने कळल्यासारखं झालं.

"कुणाची वाट बघताय, नाना?"

नाना पट्ट्यावरून नजर न काढता म्हणाले, "तिची बॅग अजून आली नाही."