शिळं कौतुक धरत नाहीत

बोरखेडीत ज्याचं कोणी कौतुक करत नाही ते उठतं आणि सकाळच्या गाडीनं निघून जातं. यात नवल काही नाही, पूर्वीपासून चालत आलंय.

आधी त्याचा आवाज जातो, मग खूण जाते, मग ते स्वतः जातं. पाटलांचा पाटा असाच गेला. घरात मिक्सर आला आणि पाट्याकडे कोणी ढुंकून बघेना. आधी त्याचं वाजणं बंद झालं, मग भिंतीशी त्याची ओल उमटेनाशी झाली, आणि एके सकाळी वरवंट्याला पोटाशी धरून तो स्टँडवर जाऊन बसला. कंडक्टरनं पाट्याचं पूर्ण तिकीट फाडलं, वरवंट्याचं अर्धं. मारुतीपुढच्या लिंबाची सावली गेली. लिंब राहिला, कारण दात घासताना त्याच्या काडीचं लोक नाव काढत. सावलीचं कोणी काढलं नाही. आता भर उन्हाळ्यात म्हातारे त्या लिंबाखाली डोक्यावर टॉवेल घेऊन बसतात.

हौसाबाईच्या घरातून मात्र, कुंदा सून म्हणून आल्यापासून, चमचासुद्धा हलला नव्हता. त्या पोरीला दिसेल त्याचं कौतुक. घागरीला पोचा पडलेला, त्यात पाणी साठलं की म्हणायची, "अगं बाई, हितं पण आभाळ उतरलंय." मुंग्यांची रांग आडवी आली तर लुगड्याचा काठ उचलून उभी राहायची, दुसऱ्याची वरात जाऊ द्यावी तशी. तव्यावर भाकरी टम्म फुगली की तिला विचारायची, "आलीस?"

हौसाबाई चुलीकडे पाठ करून सगळं ऐकायची. आत कुठंतरी गार वाटायचं. पण तोंडातून चांगला शब्द काढायची तिची हिंमत नव्हती. तिची थोरली लेक मैना रांगायला लागली होती, तेव्हा ती भर अंगणात बोलून गेली होती, "काय गुटगुटीत झालंय माझं लेकरू!" आठवडा उलटायच्या आत मैना तापानं गेली. आईची दृष्ट फार लवकर लागते, असं बाया म्हणाल्या. त्या दिवसापासून हौसाबाईनं कशालाच चांगलं म्हटलं नाही. पाठच्या तुळशीरामला तिनं 'काळतोंड्या' म्हणूनच वाढवलं. तो टिकला, कारण बाप चोरून त्याचं कौतुक करायचा. चोरून तो बायकोचंही करायचा. आता तो नव्हता आणि तुळशीराम ट्रक घेऊन महिना महिना बाहेर.

कुंदा उंबरा ओलांडून आली त्याच दिवशी हौसाबाईनं ताकीद दिली होती, "माझ्या तोंडाकडं बघत बसू नगंस. कामाकडं बघ." कुंदा गुणाची. तिनं त्या घरातलं सगळं बघितलं, एक सासू सोडून.

एका सकाळी कुंदा भाकऱ्या थापत होती आणि तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या.

हात हलत होते, काचा काचांवर आपटत होत्या, आणि घरात चिडीचूप. आता बोललं नाही तर पोर जाणार, आणि बोललं तर दृष्ट. हौसाबाईनं विचार करकरून एक युक्ती काढली. कौतुक शिवीच्या पोटात घालायचं. दृष्टीला वाटेल शिवीच आहे, आणि कौतुकाचं कौतुक पोचेल.

"काय मेली भाकरी थापतीस!" ती ओरडली. "एवढी गोल! चांदोबाला लाज आणशील, भवाने!"

कुंदानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती नुकत्या सारवलेल्या ओल्या जमिनीवरून चालत गेली आणि मागं एकही पाऊल उमटलं नाही.

तिसऱ्या दिवशी हौसाबाईला जाग आली तेव्हा अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं, भाकऱ्या झाकलेल्या होत्या आणि घरात कोणी नव्हतं. ती चपला न घालताच स्टँडकडे पळाली.

कुंदा बाकावर बसली होती. एका अंगाला कोणाची तरी मोडकी आरामखुर्ची, दुसऱ्या अंगाला एक कंदील. कुंदाच्या खांद्यातून मागच्या भिंतीवरची साबणाच्या जाहिरातीतली बाई दिसायला लागली होती. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं.

कंट्रोलर लोखंडे खिडकीत चहा पीत होते.

"साहेब, ही माझी सून."

"असेल. तिकीट झालंय."

"मी कौतुक केलं हुतं की! भाकरीचं."

"काय म्हणालात?"

हौसाबाईनं सांगितलं. लोखंड्यांनी कप खाली ठेवला. "त्यात 'मेली' होतं?"

"हुतं."

"'भवाने' पण?"

"ते आपलं सवयीनं."

"मग ते नावं ठेवण्यात जातं. नावं ठेवलेली धरत नाहीत. शिळं धरत नाहीत. शेजारणीचं ऐकून आणलेलं नाही, मागून घेतलेलं नाही. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं, ताजं, आणि मोठ्यानं. डबल बेल पडेपर्यंत मुदत आहे."

"मोठ्यानं? एवढ्या लोकांत? अवो, दृष्ट लागंल!"

"दृष्टीचं खातं वेगळं, बाई. ते आमच्याकडं येत नाही."

कंडक्टर दोरीपाशी गेला. हौसाबाईच्या कानात मैनाचा ताप घुमायला लागला. तिनं डोळे घट्ट मिटले. मग उघडले आणि सून घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून बघितलं.

कुंदानं शेजारचा कंदील मांडीवर घेतला होता. पदरानं त्याची काजळलेली काच पुसत ती त्याला सांगत होती, "पुढल्या गावाला कुणीतरी वात घालंल तुला. तिथं बघ कसा लखलखशील."

"अगं बघा गं!" हौसाबाईचा आवाज चिरकला. सगळा स्टँड वळून बघायला लागला. "हिची सोताची निघायची वेळ झालीया, अन् ही कंदिलाची काच पुसतीया! अशी माणसं असत्यात का कुठं? माझ्या घरात हुती! माझ्या घरात!"

एक बांगडी वाजली. मग सगळ्या वाजल्या. कुंदाच्या खांद्यातली साबणाची बाई मावळली आणि तिथं नुसता खांदा राहिला. कुंदा उठली. कंदीलही तिच्यासोबत आला, त्याचं कौतुक आधीच झालं होतं.

हौसाबाईनं घाईघाईनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवले, अलाबला घेतली आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

एकही वाजलं नाही.

तिनं पुन्हा मोडली. दहाची दहा बोटं वाकली आणि सरळ झाली, आवाज नाही. कुंदा कंदिलाची वात बघत होती. लोखंड्यांनी मात्र ती बोटं बघितली.

"सकाळची गाडी रोज असते," ते हळू आवाजात म्हणाले.

"सुनंला सांगितलं तर?"

"मागून घेतलेलं धरत नाहीत, बाई."

"नुसतं बघ म्हणलं तर?"

लोखंड्यांनी विचार केला. "बघ म्हणायला हरकत नाही. पुढं काय दिसेल ते तिचं तिनं."

घरी जाताना हौसाबाई सुनेच्या मागून चालली. मैनाच्या वेळेला वाटली होती ती भीती वेगळी. ही भीती आणखीनच हाडात शिरणारी होती. पोरगी घागरीच्या पोच्यातही आभाळ शोधते, मुंग्यांत वरात शोधते. तिनं वर बघितलं आणि तिलाही या तोंडावर काहीच सापडलं नाही तर?

कुंदानं कंदील खुंटीला टांगला आणि राहिलेल्या पिठाची भाकरी तव्यावर टाकली. भाकरी फुगली.

"आलीस?" कुंदा म्हणाली.

"कुंदे," उंबऱ्यात बसलेली हौसाबाई म्हणाली. "वर बघ."

"मी, आत्याबाई?"

"मग काय कंदिलाला सांगतीया? बघ म्हणलं तर बघ."

कुंदानं मान वर केली. बघितलं. बघतच राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा वास घरभर झाला, तरी ती बघत होती.

"आत्याबाई, तुमच्या डाव्या भिवईत एक केस तांबडा हाय," कुंदा शेवटी म्हणाली. "सगळ्या पांढऱ्यात एकलाच. दिवा लावल्यावानी. इतके दिवस तिथंच हुता?"

"कुठं जाईल मेला," हौसाबाई म्हणाली, आणि पदराआड हळूच बोटं मोडून बघितली.

एक वाजलं. बाकीच्या नऊंचं उद्या बघू म्हणून ती करपलेली भाकरी घेऊन जेवायला बसली.