ताईने चाकूला धार लावली

“धार लावायला काय लागतं रे? दगड, पाणी आणि मनगट! आण तो चाकू इकडे!” ताईने बाह्या सरसावल्या आणि धाकट्याने खिसा घट्ट धरला.

ताई ही धाकट्याची थोरली बहीण. धाकटा आता साठीला टेकला होता, डोक्यावर चांदी आली होती, पण ताई मुक्कामाला आली की तो पुन्हा धाकटाच व्हायचा! आल्यापासून तिने घरातल्या सुऱ्या, कात्र्या, इतकंच काय, किसणीसुद्धा दगडावर घासून काढली होती. आता उरला होता धाकट्याच्या खिशातला घडीचा चाकू.

आणि तो काही कांदे चिरायचा चाकू नव्हता हो! कलमं करायचा होता. त्याला धार एकाच अंगाने, दुसरं अंग अगदी सपाट. त्यामुळेच काडीवर काप सरळ येतो, दोन काप एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कलम जगतं. नेमकं त्याच दिवशी एक कलम जगायलाच हवं होतं. शेजारचं आवार एकेकाळी यांचंच. तिथे आईने लावलेला पिवळा गुलाब होता. आवार कधीच विकलं गेलं होतं आणि उद्या सकाळी तिथे खणायला सुरुवात होणार होती. झाड यंत्राखाली जाईल, त्यातलं काही हाती लागायचं नाही, काड्या हव्या असतील तर आजच न्या, असं मुकादमाने बजावलं होतं. आई गेल्यापासून धाकटा त्या गुलाबाशी रोज कुंपणावरून दोन शब्द बोलायचा. तो जाणार म्हणून सकाळपासून कुंपणापर्यंत त्याच्या दहा फेऱ्या झाल्या होत्या.

“ताई, जरा जपून हं. याला फक्त एकाच...”

“मला शिकवतोस? तुला बुटाची नाडी बांधायला कुणी शिकवलं?”

धाकट्याने चाकू तिच्या हातात दिला आणि कात्री घेऊन तो काड्या आणायला गेला. परत येऊन बघतो तर ताई विजयी मुद्रेने उभी!

“अरे, कुठल्या कामचुकार माणसाकडून धार लावून घेतली होतीस? एकाच बाजूला केली होती त्याने! दुसऱ्या बाजूला हातच लावलेला नाही! मी दोन्हीकडून चोख केली बघ!”

धाकट्याने डोकं धरलं. त्याची बायको पाणी घेऊन धावली. “वन्सं, अहो तो चाकू तसाच असतो! एका बाजूचा!”

“मग आधी सांगायला काय झालं होतं?” ताई म्हणाली. पण हार मानेल ती ताई कसली! “एका बाजूची हवी ना? करते! त्यात काय!” तिने दोन्ही धारा दगडावर रगडून मोडल्या आणि पहिल्यापासून घासायला घेतलं. दुपारभर घरात खर्रर्र खर्रर्र चाललं होतं. बाजार बंद, नवा चाकू मिळायची सोय नाही. पातं इतकं झिजलं, की चाकू आहे की दातकोरणं, तेच कळेना! पण धार मात्र एकाच अंगाला, आणि अशी लखलखीत की बघत राहावं.

धाकट्याने चाकू डाव्या हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

“आता काय झालं?”

“ताई, मी डावखुरा आहे गं. ही धार उजव्या हाताची झाली.”

सख्ख्या भावाचा हात कुठला, हे ताई साफ विसरली होती! मग तिने चाकू काढून घेतला.

“माझा उजवा आहे ना? मी कापते. तू सांग.”

आणि काय सांगू, धाकट्याने सांगितलं! “मनगट वळवू नकोस! एका दमात ओढ! थांब म्हटलं ना, थांब!” जन्मात पहिल्यांदा तो ताईवर ओरडत होता आणि ताई निमूटपणे ऐकत होती. काप सरळ आला. धाकट्याने काडी अंगणातल्या जंगली गुलाबाच्या खुंटावर बसवली, पट्टी बांधली. “आईचं झाड आहे रे,” ताई हळूच म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई अंघोळीला गेलेली असताना मुकादम दारात हजर! “नशीब बघा साहेब! यंत्राने झाड मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट उचललं! कुठे ठेवू?”

धाकट्याला आनंदाने रडू फुटणार होतं. तेवढ्यात न्हाणीघरातून ताईचं गाणं ऐकू आलं. तिच्या कालच्या मेहनतीचं काय? “मागे! टाकीच्या आड! आवाज करू नका!” तो कुजबुजला.

झाड टाकीआड रुजलं. कलम मात्र वाळून काटकी झालं. पण सांगणार कोण? ताई पुढच्या मुक्कामाला आली तेव्हा धाकट्याने भल्या पहाटे टाकीआडच्या झाडावरची एकुलती एक फुललेली काडी तोडली आणि मेलेल्या कलमाला पट्टीने बांधून टाकली. ताई फुलाकडे बघतच राहिली. मग सगळ्या गल्लीला हाका मारून तिने ते दाखवलं. धाकट्यालाही वाटलं, आपण फार चांगलं काम केलं.

दुपारी तो जरा लवंडला होता. उठून बघतो तर ताई चाकू पुसत उभी.

“धाकट्या, एका कलमावर भागायचं नाही. आईचा गुलाब वाढवायला हवा. मी लागले कामाला.”

“म्हणजे?”

“खुंट नको का? तुमच्या टाकीआड एक रानटी झुडूप माजलं होतं. फूल नाही, काही नाही! वीतभर बुंधा ठेवला आणि बाकी सगळं उडवलं! त्याच्यावर आता आईच्या गुलाबाची काडी बसवते.”

धाकटा धावत टाकीआड जाऊन बघून आला.

“असा पांढराफटक काय पडलास? जगेल रे! माझ्या हातचं आहे!”